मागे राहिलेला प्रदेश: उद्योग तिथे न्यायचे, की माणसांना बाहेर पडू द्यायचं?

उगवती:

एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एक भाग भराभर पुढे जातो आणि दुसरा वर्षानुवर्षं मागेच राहतो. याची कारणं आणि उपाय शोधताना मला एकाच वर्षी, २००९ मध्ये, आलेले दोन अगदी उलट सल्ले सापडले.

जागतिक बँकेच्या त्या वर्षीच्या जागतिक विकास अहवालाचं म्हणणं असं: आर्थिक वाढ सगळीकडे सारखी पसरत नाही आणि ती ओढूनताणून पसरवायला जाऊ नये. शाळा, आरोग्य, पाणी, सुरक्षा सगळ्यांना द्या, रस्ते जोडा, आणि माणसांना संधी असेल तिथे जाऊ द्या. त्याच वर्षी फाब्रिझिओ बार्का यांनी युरोपीय आयोगासाठी अहवाल लिहिला. त्यांच्या मते प्रत्येक जागेचं दुखणं वेगळं असतं, त्याची माहिती तिथल्या लोकांकडेच असते, आणि म्हणून धोरणही जागेनुसारच आखायला हवं.

माझा कल बार्का यांच्याकडे आहे. 'जाऊ द्या' म्हणताना जे जाऊ शकत नाहीत त्यांचा हिशेब कुठे लागतो, हे मला पहिल्या अहवालात सापडत नाही. वृद्ध, आजारी, अल्पभूधारक, लहान मुलांच्या आया. तुम्हाला काय वाटतं? शक्यतो उदाहरणांसह सांगा.

खडूफळा:

चांगला विषय. आधी थोडी सैद्धांतिक पार्श्वभूमी देतो, म्हणजे पुढचं भांडण नीट होईल.

जुनं पुस्तकी उत्तर असं, की मागास भागात मजुरी कमी असते म्हणून भांडवल तिकडे वळतं, आणि मजूर जास्त मजुरीच्या भागाकडे जातात. दोन्ही बाजूंनी सरकत सरकत उत्पन्नं जवळ येतात. गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये हे साफ नाकारलं. त्यांच्या मते एकदा एखादा भाग पुढे गेला, की तो आजूबाजूचं भांडवल, शिकलेली तरुण माणसं आणि व्यापार आपल्याकडे ओढून घेतो. मागे राहिलेल्या भागाची बाजारपेठ आक्रसते, कराचं उत्पन्न घटतं, शाळा-रस्ते खालावतात, त्यामुळे आणखी माणसं जातात. म्हणजे एक कारण दुसऱ्याला बळ देत जातं. याला त्यांनी चक्राकार संचयी कार्यकारण म्हटलं. पुढारलेल्या भागाकडून मागणी आणि तंत्रज्ञान पसरण्याचा चांगला परिणामही होतो, पण गरीब देशांत ओढून घेणारा परिणाम जास्त प्रबळ असतो, असं त्यांचं निरीक्षण.

पुढच्याच वर्षी आल्बर्ट हर्शमन यांनी जवळपास हीच दोन बलं मांडली, पण ते जास्त आशावादी होते. असमतोल फार वाढला की राजकीय दबाव येतो, सरकार हस्तक्षेप करतं आणि पारडं फिरतं. १९६५ मध्ये जेफ्री विल्यमसन यांनी अनेक देशांची आकडेवारी घेऊन म्हटलं, की विकासाच्या सुरुवातीला प्रदेशांमधली दरी वाढते, नंतर कमी होते. पुढे अनेकांनी याचा सोयीस्कर अर्थ काढला, 'थांबा, आपोआप होईल.'

गणितपाटी:

'थांबा' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. रॉबर्ट बारो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राज्यांचा आणि युरोपातल्या प्रदेशांचा अभ्यास केला. गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशांच्या जवळ येतात खरे, पण दरी वर्षाला साधारण २ टक्के या वेगाने भरते. या वेगाने निम्मी दरी भरायला सुमारे ३५ वर्षं लागतात. एका माणसाचं कमावण्याचं जवळजवळ सगळं वय त्यात संपतं. आणि हे अमेरिकेसारख्या देशात, जिथे माणसं सहज राज्य बदलतात.

लोहचुंबक:

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. उद्योग एकत्र येतात ते कुणाच्या कारस्थानाने नव्हे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच तीन कारणं दिली होती: कसबी कामगार एका जागी मिळतात, सुटे भाग आणि सेवा पुरवणारे जवळ असतात, आणि धंद्यातल्या क्लृप्त्या एकमेकांकडून कळत राहतात. पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये याला गणिती चौकट दिली. वाहतूक पुरेशी स्वस्त असेल आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्यात फायदा असेल, तर उत्पादन एका केंद्रात गोळा होतं. कुठलं केंद्र, हे कित्येकदा इतिहासातल्या छोट्या योगायोगावर ठरतं.

हे बळ मोडायला गेलं की काय होतं? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नवा मोठा कारखाना काढायला सरकारी प्रमाणपत्र लागायचं आणि समृद्ध भागात ते मुद्दाम नाकारलं जायचं. रूट्स या मोटार कंपनीला कॉव्हेंट्रीजवळ वाढायचं होतं. परवानगी मिळाली नाही, म्हणून १९६३ मध्ये तिने स्कॉटलंडमध्ये लिनवुडला कारखाना काढला. इंजिनाचे ओतीव भाग लिनवुडला बनत, यंत्रकामासाठी पार कॉव्हेंट्रीकडे जात आणि गाडीत बसवायला परत लिनवुडला येत. जाऊन-येऊन सुमारे ६०० मैल. कारखाना १९८१ मध्ये बंद पडला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्या मागास भागातल्याच.

सातबारा:

थोडक्यात, कारखाना नेता येतो, त्याचा गोतावळा नेता येत नाही.

पाऊलखूण:

सातबारा यांच्याशी सहमत, आणि हा माझा जवळून घेतलेला अनुभव आहे. करसवलतीवर उभ्या राहिलेल्या एका औद्योगिक वसाहतीत मी हिशेबाचं काम करत होतो. सवलतीची मुदत असेपर्यंत सगळं छान. कच्चा माल बाहेरून यायचा, पक्का माल बाहेर जायचा, मशीन बिघडली तरी दुरुस्तीला माणूस बाहेरूनच यायचा. स्थानिकांना मिळायचं ते पहारा, हमाली आणि पॅकिंग. सवलत संपत आली तसे मालक नव्या सवलतीचा प्रदेश शोधू लागले आणि एकेक शेड रिकामी झाली.

त्या काळात तिथे एकही टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारी कार्यशाळा, उभी राहिली नाही. आयटीआय होतं, पण तिथले ट्रेड आणि कारखान्यांतलं काम यांचा मेळ नव्हता. मला सर्वांत वाईट याचं वाटतं, की सवलतीवर गेलेल्या पैशाच्या छोट्या हिश्श्यात हे दोन्ही करता आलं असतं.

खडूफळा:

पाऊलखूण यांनी सांगितलेलं चित्र सिद्धांतातल्या एका मोठ्या गफलतीशी जोडता येतं. फ्रान्स्वा पेरू यांनी १९५५ मध्ये विकासध्रुवाची कल्पना मांडली. वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नाही, ती काही ध्रुवांवर सुरू होते आणि तिथून वेगवेगळ्या मार्गांनी पसरते. पण पेरू यांचा ध्रुव म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हता. ते उद्योगांच्या परस्परसंबंधांच्या अवकाशाबद्दल बोलत होते. वेगाने वाढणारा एक मोठा उद्योग खरेदी-विक्रीच्या नात्यांतून इतर उद्योगांना ओढतो, मग ते उद्योग कुठेही असोत. साठच्या दशकात बूदव्हिल यांनी ही कल्पना भूगोलात आणली आणि जगभरच्या नियोजनकारांनी ती उचलली: मागास भागात एक भव्य प्रकल्प ठेवा, बाकीचं आपोआप उगवेल.

दक्षिण इटलीतला तारांतोचा पोलाद कारखाना १९६५ मध्ये याच विश्वासाने सुरू झाला. पोलाद तयार झालं, पण ते वापरणारे उद्योग उत्तरेत होते. ध्रुवाचे धागे उत्तरेकडे गेले, भोवतालच्या गावांकडे नाही. गावांच्या वाट्याला पगार आले आणि प्रदूषणही आलं. जोया ताउरोला आणखी एक पोलाद प्रकल्प ठरला होता, तो झालाच नाही. त्यासाठी बांधलेलं बंदर कित्येक वर्षं पडून राहिलं आणि १९९५ मध्ये कंटेनर बंदर म्हणून सुरू झालं. अशा प्रकल्पांना इटलीत 'वाळवंटातली कॅथीड्रल' म्हणत.

ढगफुटी:

सर, परीक्षेत हे दहा गुणांना येईल की वीस? :)

खडूफळा:

वीस. आणि पेरू यांचा ध्रुव नकाशावर दाखवला तर दोन गुण कापणार.

कोरडवाहू:

दक्षिण इटलीचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो आणि प्रत्येक वेळी अर्धाच सांगितला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

दक्षिणेच्या विकासासाठीचा खास सरकारी निधी, कास्सा पेर इल मेझ्झोजोर्नो, १९५० मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात त्याने पोलादाला हातच घातला नव्हता. सिंचन, पिण्याचं पाणी, रस्ते, जमिनीची सुधारणा हे काम होतं. त्याच सुमारास मोठ्या जमीनदारांच्या काही जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटल्या गेल्या. संस्थेत अभियंते होते आणि सुरुवातीला त्यांना बरीच स्वायत्तता होती. पन्नासच्या दशकापासून १९७३ पर्यंत दक्षिण आणि उत्तर यांच्या दरडोई उत्पन्नातली दरी खरोखर कमी झाली. आधुनिक इटलीच्या इतिहासात इतकी ती कधीच कमी झाली नव्हती.

मग दोन गोष्टी घडल्या. १९७३ च्या तेलसंकटाने पोलाद आणि पेट्रोरसायन या नेमक्या त्याच उद्योगांना झोडपलं ज्यांवर दक्षिणेने डाव लावला होता. आणि निधीची स्वायत्तता जाऊन तो पक्षांच्या मर्जीने वाटला जाऊ लागला. १९८४ मध्ये संस्था गुंडाळली.

यातून 'मागास भागावर खर्च करणं व्यर्थ' हा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. जे काम लोकांच्या शेतापर्यंत आणि नळापर्यंत पोचलं ते टिकलं. फसलं ते वरून ठेवलेलं अवजड यंत्र. या दोन्हींना एकच धोरण समजून फेटाळणारे त्या माणसांनी केलेली प्रगतीच पुसून टाकतात.

गणितपाटी:

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद आवडला. एक भर. त्याच काळात दक्षिणेतून लाखो लोक उत्तर इटलीत आणि जर्मनीत कामाला गेले. दरडोई उत्पन्न काढताना भाजक, म्हणजे माणसांची संख्या, कमी झाला, हेही दरी घटण्यामागचं एक कारण आहे. उत्पादकताही वाढलीच, ते नाकारत नाही.

रेल्वेफाटक:

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आपल्या देशात मालभाडे समानीकरणाचं धोरण होतं. पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संपलं. पोलादासारखा माल खाणीपासून कितीही दूर न्या, कारखानदाराला किंमत तीच, वाहतुकीचा फरक सरकार जुळवून घेणार. हेतू समतोल विकासाचाच होता. पण बिहार, बंगाल, ओडिशा, मध्य प्रदेश यांच्याकडे खनिजाच्या जवळ असण्याचा जो एक मोठा फायदा होता, तोच काढून घेतला गेला. कापसासारख्या कच्च्या मालाला मात्र असं समानीकरण लागू नव्हतं.

पोलाद लागणारे अभियांत्रिकी उद्योग पश्चिमेला आणि दक्षिणेला वाढले, त्यात महाराष्ट्रही आला. आज बिहार-झारखंडातून कामासाठी आलेल्या माणसांबद्दल बोलताना हे धोरण आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लोहचुंबक:

महत्त्वाचा मुद्दा, पण सगळा भार त्या एका धोरणावर टाकता येणार नाही. जमीनदारीची घडी, वीज, शिक्षण, बंदरं ही कारणंही होती. माझ्या दृष्टीने जास्त विचार करण्याजोगं हे, की धोरण संपल्यावर उद्योग परत गेले नाहीत. क्रुगमन यांच्या मांडणीत नेमकं हेच होतं. एकदा केंद्र पक्कं झालं की ज्या कारणाने ते झालं ते कारण गेलं तरी केंद्र हलत नाही.

रेल्वेफाटक:

बरोबर. म्हणजे चाळीसेक वर्षांच्या धोरणाने झालेलं नुकसान धोरण मागे घेऊन भरून येत नाही, त्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं. मग 'जागेकडे दुर्लक्ष करणारं धोरण' हे तटस्थ कसं म्हणायचं?

उगवती:

रेल्वेफाटक, अगदी हेच मला म्हणायचं होतं. नीट शब्दांत मांडल्याबद्दल आभार.

ढगफुटी:

खाणी संपलेल्या भागांचं काय? जर्मनीतल्या रूरबद्दल नेहमी चांगलं ऐकू येतं.

खडूफळा:

रूरचं यश खरं आहे, पण ते उशिरा आणि महागात मिळालं. कोळशाचं संकट पन्नासच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या काळात कोळसा जगवायला प्रचंड अनुदान गेलं. गेर्नोट ग्राभर यांनी १९९३ मध्ये याचं कारण सुरेख मांडलं. कंपन्या, कामगार संघटना आणि स्थानिक राजकारणी यांची नाती इतकी घट्ट होती, की कोळसा-पोलादापलीकडचा विचार आतून येईचना. प्रदेशाची ताकद मानली जाणारी एकजूटच अडसर ठरली.

दोन गोष्टींनी वाट फुटली. एवढ्या दाट लोकवस्तीच्या प्रदेशात साठच्या दशकापर्यंत विद्यापीठच नव्हतं. बोखुमचं विद्यापीठ १९६५ मध्ये सुरू झालं आणि खाण कामगारांची मुलं मोठ्या संख्येने तिथे शिकू लागली. नंतर १९८९ ते १९९९ मध्ये एम्शर नदीच्या काठच्या पट्ट्यात शंभरावर छोटे-मोठे प्रकल्प झाले. एकच भव्य प्रकल्प नाही, पुष्कळ लहान, आणि गावागावाशी बोलून ठरवलेले.

लोहचुंबक:

पूर्व जर्मनीही बघा. जुलै १९९० मध्ये चलनं एक झाली, पूर्वेचे पगार पश्चिमेच्या चलनात एकास एक दराने बदलले. पूर्वेचे कारखाने त्या खर्चात टिकणं शक्य नव्हतं, ते कोसळले. मग मदतीचा ओघ सुरू झाला. फक्त दुसऱ्या 'सोलिडारपाक्ट' या पूर्वेच्या मदतीच्या कराराखाली २००५ ते २०१९ या काळात सुमारे १५६ अब्ज युरो. रस्ते उत्तम झाले, शहरं देखणी झाली, तरी उत्पन्न अजून पश्चिमेइतकं नाही. पैशाला मर्यादा असते.

कोरडवाहू:

आणि तिथून कोण गेलं तेही बघा. तरुण, शिकलेले, त्यातही मुली जास्त. मागे म्हाताऱ्यांची गावं राहिली. 'माणसांना जाऊ द्या' हे धोरण कागदावर सगळ्यांना सारखं लागू होतं, प्रत्यक्षात ते प्रदेशातल्या सर्वांत सक्षम माणसांनाच उचलतं. मिर्डाल यांनी हेच लिहिलं होतं. आंद्रेस रॉद्रिगेस-पोसे यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की 'तुमच्या भागाला भवितव्य नाही' असं वर्षानुवर्षं ऐकवलेले प्रदेश एक दिवस मतपेटीतून उत्तर देतात. ते उत्तर साऱ्या देशाला सोसावं लागतं.

गणितपाटी:

'मागास' मोजायचं कसं, हा प्रश्न राहिला. युरोपीय संघात ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली, त्याला सर्वांत जास्त मदत. सोपं आहे, पण ७४ वाला आणि ७६ वाला यांत खरा फरक किती? आपल्याकडे दांडेकर समितीने १९८४ मध्ये वेगळी वाट घेतली. सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य असं एकेक क्षेत्र घेऊन जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे ते काढलं आणि त्याला अनुशेष म्हटलं. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण काय कमी आहे ते दिसतं. उणीव अशी, की रस्ता आहे हे मोजलं जातं, त्यावरून बस धावते का हे नाही. आणि जिल्ह्याच्या आत कुणाला मिळालं, तेही नाही.

लोहचुंबक:

माझ्या बाजूचा शेवटचा पुरावा, पण तो पूर्ण माझ्या बाजूने नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण आलं: धरणं, वीज, रस्ते. क्लाइन आणि मोरेत्ती यांनी २०१४ मध्ये त्याचे दूरगामी परिणाम तपासले. शेतीतली रोजगारवाढ मदत आटल्यावर ओसरली, पण कारखान्यांतली टिकली आणि पुढेही वाढत राहिली. म्हणजे जोर लावला तर प्रदेशाची दिशा बदलते, हे मला मान्य. मात्र त्यांच्याच हिशेबाने, उद्योग एकवटण्यातून त्या खोऱ्याला जो लाभ झाला, तेवढाच इतर भागांनी गमावला. मग करदात्याला विचारायचा हक्क आहे: देशाला काय मिळालं?

उगवती:

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. लोहचुंबक, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: समजा देशाची बेरीज शून्य असली, तरी ज्या भागात आधीच दाटी आहे तिथली एक नोकरी आणि जिथे काहीच नाही तिथली एक नोकरी यांची किंमत मी सारखी धरणार नाही.

मूळ प्रश्नावर माझं मत आता जास्त नेमकं झालं आहे. सुरुवात कारखान्याने करू नये. पाऊलखूण म्हणतात तसं आधी टूलरूम आणि खऱ्या कामाला जोडलेलं प्रशिक्षण. रूरमध्ये झालं तसं विद्यापीठ. दक्षिण इटलीच्या पहिल्या टप्प्यासारखं पाणी आणि जमीन. शिकलेला कुणी गेला तर त्याच्या हातात काही असेल, राहिला तर प्रदेशाकडे काही असेल. आणि हे कुणाला, किती, हे ठरवणारी यंत्रणा त्या प्रदेशातलीच हवी.

सातबारा:

त्या प्रदेशातली, पण प्रदेशातल्या कुणाची?

खडूफळा:

सातबारा यांचा प्रश्न ईशान्य ब्राझीलमध्ये प्रत्यक्ष विचारला गेला होता. तिथे दुष्काळावर उपाय म्हणून वर्षानुवर्षं धरणं-तलाव बांधले जात. सेल्सो फुर्तादो यांनी दाखवलं, की पाणी आणि मदतीचा पैसा मोठ्या जमीनदारांकडेच जातो आणि शेतमजूर पुढच्या दुष्काळात पुन्हा उपाशीच राहतो. १९५९ मध्ये सुदेने ही विकाससंस्था झाली आणि फुर्तादो तिचे पहिले प्रमुख. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांचे राजकीय हक्क काढून घेतले गेले आणि त्यांना देश सोडावा लागला. जमिनीचा प्रश्न बाजूला पडला. राहिल्या त्या करसवलती. कंपन्यांना आयकरातला हिस्सा ईशान्येत गुंतवायची मुभा होती. दक्षिणेतल्या मोठ्या कंपन्यांनी तिथे यंत्रं भरपूर आणि माणसं थोडी लागणारे कारखाने काढले.

लोहचुंबक:

याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. फक्त एवढंच, की ब्राझीलच्या उदाहरणात जागेनुसार धोरण आखून भागलं नाही, तिथली जमीन कुणाकडे आहे यावर सगळं अडलं. मग उगवतींच्या यादीत पाणी आणि प्रशिक्षणाच्या आधी जमीन लिहायला हवी.

कोरडवाहू:

लिहाच. आणि कुळांच्या, वाट्याने कसणाऱ्यांच्या नोंदीही. नोंद नाही तर कर्ज नाही, आणि पाणी आलं तरी ते शेजारच्या शेतात जातं.